दाराचे हँडल रुसले तर? विजेच्या मोटारीतील लपणारी हँडले : बिघाड, तपासणी आणि दुरुस्ती

विजेवर चालणाऱ्या मोटारी आता आपल्या शहरांत नवलाच्या राहिलेल्या नाहीत. या गाड्यांना इंजिन नाही, क्लच नाही, सायलेन्सर नाही, ऑइल बदलण्याची भानगड नाही. साहजिकच आपल्या अनेक गॅरेजवाल्या बांधवांच्या मनात धास्ती आहे की, उद्या ही गाडी दारात आली तर तिला हात तरी कुठे लावायचा? धास्ती अगदीच निराधार नाही. परंतु गाडी विजेची झाली तरी तिला दारे, काचा, कुलपे आणि बिजागऱ्या लागतातच. किंबहुना याच जागी नवे काम निर्माण झाले आहे. त्यातले एक ठळक काम म्हणजे दारात लपणारे हँडल.

वरवर पाहता हा बिघाड किरकोळ वाटतो. पण विचार करा. लाखोंची गाडी उभी आहे, चावी खिशात आहे आणि मालक पावसात दाराबाहेर ताटकळत उभा आहे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे मागच्या सीटवर लहान मूल आहे आणि दार उघडत नाही. अशा तक्रारी अमेरिकेत सरकारदरबारी नोंदल्या गेल्या आहेत. म्हणून हा विषय हुनराचा आहे, धंद्याचा आहे आणि जिवाचाही आहे.

हँडल आत का गेले?

जून २०१२ मध्ये अमेरिकेच्या टेस्ला कंपनीने ‘मॉडेल एस’ ही गाडी ग्राहकांच्या हाती देण्यास सुरुवात केली. या गाडीची हँडले दाराच्या अंगाशी सपाट बसलेली असत. चावी घेऊन मालक जवळ आला की आतली मोटर फिरायची आणि हँडल पुढे यायचे. गाडी चालू लागली की ते पुन्हा आत जायचे.

याचे एक कारण वारा. वेगात धावणाऱ्या गाडीच्या बाहेर जे काही डोकावते त्याला वारा अडतो आणि तेवढी वीज जादा खर्च होते. बॅटरीच्या गाडीत एका चार्जिंगवर किती किलोमीटर मिळतात यावर सारा व्यवहार असतो, त्यामुळे थोडा थोडा फायदाही मोजला जातो. दुसरे कारण दिसण्याचे. हात न लावता हँडल पुढे येते हे पाहून गिऱ्हाईक खूश होते. कापडाच्या दुकानात ठाणाची पहिली घडी उलगडताना गिऱ्हाइकाचा चेहरा पाहणाऱ्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

गिऱ्हाइकाला भावले ते इतर कंपन्यांनीही उचलले. आपल्या देशात २०२१ साली महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० या डिझेल-पेट्रोलच्या गाडीत अशी हँडले आली. विजेच्या गाड्यांपैकी टाटांची कर्व्ह ईव्ही (ऑगस्ट २०२४), एमजीची विंडसर (सप्टेंबर २०२४) आणि महिंद्राच्या बीई ६ व एक्सईव्ही ९ई (नोव्हेंबर २०२४) या गाड्यांची हँडले दाराशी सपाट बसणारी आहेत. जुलै २०२५ मध्ये टेस्लाने मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आपले देशातले पहिले दालन उघडले आणि ‘मॉडेल वाय’ गाडी विकायला आणली. त्या दालनापासून कुर्ल्याचा गॅरेज आणि सुट्या भागांचा बाजार हाकेच्या अंतरावर आहे. आज गाडी दालनात आहे, वॉरंटी संपली की ती त्या बाजारात येणार हे ठरलेले आहे.

सगळी हँडले एका जातीची नाहीत

दुरुस्तीला हात घालण्यापूर्वी समोरचे हँडल कोणत्या जातीचे आहे ते ओळखले पाहिजे. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार मोटरने पुढे येणारा. मॉडेल एस या प्रकारची. यात हँडल बाहेर ढकलणेही विजेचे आणि दाराचे लॅच सोडणेही विजेचे.

दुसरा प्रकार अंगठ्याने दाबण्याचा. टेस्लाच्याच मॉडेल ३ आणि मॉडेल वाय या गाड्यांत हँडलचा रुंद भाग अंगठ्याने दाबला की दुसरे टोक वर येते, ते धरून ओढायचे. इथे हँडल हलवायला मोटर नाही. पण ओढल्यावर लॅच सुटते ते मात्र विजेनेच.

तिसरा प्रकार साध्या यंत्राचा. हँडल दिसायला सपाट असते, हाताने दाबून बाहेर काढायचे आणि ओढले की आतली तार किंवा सळई लॅच सोडते, जुन्या गाडीप्रमाणेच. यात बिघाड झाला तर आपला नेहमीचा मिस्त्री तो डोळे मिटून काढू शकतो.

मोटरचा प्रकार सर्वांत गुंतागुंतीचा आहे आणि त्याच्या बिघाडांचा अनुभव जगात सर्वांत जुना मॉडेल एसचा आहे. म्हणून तीच गाडी नमुना म्हणून घेऊ.

आत काय काय असते?

मॉडेल एसच्या दाराचे आतले पॅनेल काढून हँडलचा संच बाहेर घेतला तर त्यात मोजक्याच वस्तू दिसतात. एक छोटी मोटर आणि तिचा गिअरबॉक्स. त्याला जोडलेला ओतीव धातूचा दातेरी तुकडा, ज्याला इंग्रजीत ‘पॅडल गिअर’ म्हणतात. हा तुकडा फिरला की त्याचा पुढे आलेला हात हँडलला बाहेर ढकलतो. शिवाय एक छोटे सर्किट बोर्ड आणि शेंगदाण्याएवढे मायक्रोस्विच. हँडल कुठवर आले आहे आणि माणसाने ते ओढले की नाही, याची खबर हे स्विच गाडीच्या कॉम्प्युटरला देतात. कॉम्प्युटर मग दाराच्या लॅचला सुटण्याचा हुकूम देतो.

इथे एक गोष्ट पक्की ध्यानात घ्यावी. बाहेरून हँडल ओढले तेव्हा हाताचा जोर लॅचपर्यंत पोहोचतच नाही. हात फक्त एक बटण दाबतो. त्यामुळे हँडल अडले म्हणून जोर लावून ओढणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही, झाले तर नुकसानच होते.

पॉवरलूमवर काम केलेल्या बांधवांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. बाण्याचा धागा तुटला की फोर्क खबर देतो आणि माग थांबतो. पण कधी कधी धागा शाबूत असतो, फोर्कच वाकलेला असतो आणि माग विनाकारण थांबत राहतो. नवखा माणूस धागा तपासत बसतो, जाणता जॉबर आधी फोर्क पाहतो. हँडलच्या बाबतीतही तोच न्याय आहे. हलणारा भाग आणि खबर देणारा भाग असे दोन वेगळे भाग आहेत. कोणता बिघडला हे आधी ठरवावे, मगच पाना उचलावा.

लक्षणावरून रोग ओळखा

लक्षण पहिले : मोटरचा आवाज येतो, पण हँडल बाहेर येत नाही. मोटर जिवंत आहे, हुकूमही मिळतो आहे, मात्र जोर पुढे जात नाही. मॉडेल एसच्या सुरुवातीच्या वर्षांतल्या गाड्यांत याचा अर्थ बहुतेक वेळा एकच निघाला, तो म्हणजे पॅडल गिअर तुटला. हा तुकडा ओतीव धातूचा असल्याने वारंवारच्या झटक्यांनी त्याला तडा जात असे. यावर उपाय म्हणून अमेरिकेत स्वतंत्र कारागिरांनी तोच तुकडा पोलादात बनवून बाजारात आणला आणि तो चांगला खपला.

लक्षण दुसरे : हँडल बाहेर येते, पण ओढले तरी दार उघडत नाही. इथे हलणारा भाग ठीक आहे, खबर देणारा बिघडला आहे. मायक्रोस्विच खराब झालेला असतो किंवा त्याची बारीक वायर तुटलेली असते. जुन्या रचनेत हँडल जितक्या वेळा बाहेर येई तितक्या वेळा ही वायर एकाच जागी वाकत असे. एकाच जागी रोज मुडपलेला धागा जसा एक दिवस जीव सोडतो, तशीच ती वायर तुटे. बाहेरचे प्लास्टिक शाबूत आणि आतले तांबे तुटलेले, त्यामुळे नुसत्या नजरेला काही दिसत नाही.

लक्षण तिसरे : कधी चालते, कधी चालत नाही. हा दुसऱ्या लक्षणाचाच धाकटा भाऊ. वायर पूर्ण तुटलेली नसते, टोके कधी भिडतात, कधी सुटतात. कधी आत शिरलेला ओलावाही असे खेळ करतो. ‘आज चालते आहे, राहू द्या’ असे गिऱ्हाईक म्हणेल, पण ही पूर्वसूचना आहे हे त्याला सांगितले पाहिजे.

लक्षण चौथे : हँडल बाहेर आले ते आत जातच नाही. स्थान दाखवणारा स्विच चुकीची खबर देत असेल, किंवा सरकण्याच्या जागी धूळ, मेण, चिखल यांचा थर बसला असेल. पॉलिश करणारे मुलगे मेणाचा हात मारतात तेव्हा ते हँडलच्या फटीत शिरते आणि वाळून दगड होते.

लक्षण पाचवे : मोटरचा आवाजच नाही. एकाच दाराला असे झाले तर मोटर, सर्किट बोर्ड, प्लग किंवा दार आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीतून जाणारी वायर यांपैकी काहीतरी असते. दार शेकडो वेळा उघडझाप होते, तेव्हा ही वायरही वाकत असते. ही जागा आपल्या ऑटो इलेक्ट्रिशियनांना जुन्या गाड्यांपासून पाठ आहे.

लक्षण सहावे : चारही हँडले एकदम बंद. अशा वेळी हँडलला हातच लावू नये. चार भाग एकाच दिवशी मरत नाहीत. मूळ दुसरीकडे असते : चावीचा सेल, गाडीची सेटिंग, फ्यूज किंवा छोटी बॅटरी.

पॅनेल उघडण्यापूर्वी

निम्मी कामे पॅनेल न उघडताच निकालात निघतात. म्हणून क्रम पाळावा.

प्रथम मालकाला विचारावे : एक दार की सगळी? धुतल्यानंतर की पावसानंतर? की गाडी पुष्कळ दिवस उभी होती? त्याच्या उत्तरात निदानाचा मोठा भाग असतो.

मग चावीचा सेल बदलून पाहावा. चावीऐवजी मोबाइल वापरणारे असतील तर कार्ड किंवा दुसरी चावी वापरून पाहावी. गाडीच्या पडद्यावर हँडल आपोआप बाहेर येण्याची आणि चालकाचेच दार उघडण्याची अशा वेगवेगळ्या सेटिंग असतात. मुलाने पडद्यावर बोट फिरवल्यानेही बिघाडाचा भास होतो.

नंतर कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू करावा. गाडी थांबलेली असताना पडद्याची रीस्टार्टची सोय वापरली म्हणजे काही वेळा अडकलेला हुकूम मोकळा होतो.

त्यानंतर फट साफ करावी. मऊ ब्रश, कोमट पाणी, मग कोरडे फडके. जोरदार फवारा थेट फटीत मारू नये, पाणी स्विचपर्यंत जाते. तेल किंवा ग्रीसही ओतू नये. तेलावर धूळ बसते आणि काही महिन्यांत तिची लुगदी होते. गरज वाटलीच तर कोरड्या जातीचा सिलिकॉन स्प्रे अगदी थोडा वापरावा.

थंड प्रदेशात बर्फ हे एक वेगळेच कारण आहे. हँडलवर बर्फाचा थर गोठला की ते हलत नाही. मुठीने किंवा तळहाताने हलकेच ठोकून बर्फ मोडायचा, स्क्रू ड्रायव्हर घालून उपसायचे नाही. आपल्याकडे बर्फ नाही, पण कोकणातला पावसाळा आणि मराठवाड्याची धूळ मिळून तेवढाच त्रास देऊ शकतात.

पॅनेल उघडल्यावर

गाडी वॉरंटीत असेल तर पॅनेल उघडूच नये, मालकाला सरळ कंपनीकडे पाठवावे. त्यात आपले एक काम जाते, पण विश्वास राहतो. वॉरंटी नसेल तर पुढे जावे.

काम सुरू करण्यापूर्वी दुसऱ्या एका दाराची काच खाली करून ठेवावी आणि चावी गाडीबाहेर आपल्या खिशात असावी. काम चालू असताना दार चुकून मिटले तर आत जाण्याचा रस्ता राहतो. प्लग सोडण्यापूर्वी त्या गाडीच्या पुस्तिकेप्रमाणे छोटी बॅटरी अलग करावी. दारात बाजूच्या एअरबॅगला खबर देणारा सेन्सर असू शकतो, चालू विजेत त्याची वायर ओढणे धोक्याचे आहे. नारिंगी रंगाच्या वायरी म्हणजे मोठ्या बॅटरीचा शेकडो व्होल्टचा करंट. हँडलच्या कामात त्यांचा संबंध येत नाही, तेव्हा त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पॅनेल क्लिपांवर बसलेले असते. लोखंडी पट्टीने उपसले तर क्लिपा तुटतात आणि पॅनेल पुढे आयुष्यभर खडखडते. प्लास्टिकची पट्टी वापरावी आणि थोड्या नव्या क्लिपा हाताशी ठेवाव्यात. पॅनेलच्या मागे पाणी अडवणारा पडदा असतो. तो न फाडता सोडवावा आणि परत तितकाच घट्ट चिकटवावा. हा पडदा नीट न बसल्याने पावसाचे पाणी आत झिरपते आणि दुरुस्त केलेले हँडल पुढच्या पावसाळ्यात पुन्हा परत येते.

संच टेबलावर घेतल्यावर मल्टीमीटर लावावा. आवाज देणाऱ्या खुणेवर तो ठेवून स्विच दाबावा आणि त्याच वेळी वायर बोटाने हळूहळू वाकवत न्यावी. एखाद्या जागी आवाज तुटला की दोष तिथेच. शंका असेल तर चालू असलेल्या दाराच्या संचाशी तुलना करावी. चांगला नमुना जवळ असताना अंदाज करण्याचे कारण नाही.

तुटलेली वायर नुसती डाग देऊन जोडू नये. डाग दिलेली जागा कडक होते आणि वायर डागाच्या शेजारी पुन्हा तुटते. संपूर्ण लांबीची नवी वायर घालावी, तीही बारीक तारांची आणि मऊ सिलिकॉनच्या वेष्टणाची. तिला वळायला मोकळीक ठेवावी. पॅडल गिअर बदलताना तुटलेले सगळे कण गोळा करून काढावेत. एक कण दातांत राहिला तर नवा तुकडाही जातो.

पॅनेल बंद करण्याआधी हँडल निदान २०-२५ वेळा चालवून पाहावे. दार बाहेरून उघडावे, आतून उघडावे, कुलूप लावून उघडावे. ज्या गाड्यांच्या काचांना भोवती चौकट नसते त्यांत दार उघडताना काच थोडी खाली सरकते, तेही तपासावे. नंतर पाण्याची साधी धार सोडून आत ओल येते का ते पाहावे.

या बिघाडांच्या तक्रारी वाढल्यावर टेस्लानेही मॉडेल एसच्या हँडलची रचना बदलून सुधारलेल्या आवृत्त्या आणल्या. म्हणून भाग मागवताना गाडीचे साल आणि हँडलची आवृत्ती दोन्ही पाहावीत. डावे-उजवे आणि पुढचे-मागचे यांतही फरक असतो.

छोटी बॅटरी : खरे मूळ

विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात हे अनेकांना ठाऊक नसते. मोठी बॅटरी चाके फिरवते. दारे, दिवे, कॉम्प्युटर हे सारे चालवणारी छोटी बॅटरी वेगळी असते, बहुतेक गाड्यांत १२ व्होल्टची. टेस्लाच्या नव्या गाड्यांत सुमारे १६ व्होल्टची लिथियमची असते. मोठी बॅटरी काठोकाठ भरलेली असली तरी छोटी बसली की दार मुके होते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने २०२१ सालच्या सुमारे १ लाख ७४ हजार मॉडेल वाय गाड्यांची प्राथमिक चौकशी सुरू केली ती याच कारणावरून. बाहेरची हँडले चालेनाशी झाल्याच्या तक्रारी होत्या आणि कुलपांना पुरेसा व्होल्टेज मिळत नसल्याचे खात्याच्या पाहणीत दिसले. काही तक्रारींत आईबाप मुलाला मागच्या सीटवर बसवून किंवा उतरवण्यासाठी बाहेर पडले आणि दार परत उघडेना. चार जणांनी काच फोडून मार्ग काढला.

मॉडेल ३ आणि मॉडेल वायच्या पुढच्या बंपरमध्ये, टोइंगचा हुक बसवण्याच्या झाकणाआड दोन वायरी ठेवलेल्या असतात. छोटी बॅटरी पूर्ण बसली असेल तर त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की पुढचे बॉनेट उघडते. मग आतल्या छोट्या बॅटरीला आधार देऊन गाडी जागी करता येते. लक्षात ठेवावे की या दोन वायरींनी बॅटरी चार्ज होत नाही, फक्त बॉनेट उघडते. रस्त्यावर मदतीला जाणाऱ्या प्रत्येक मिस्त्रीने एवढी एक गोष्ट शिकली तरी एखाद्या कुटुंबाची मोठी अडचण टळेल.

आतून बाहेर पडण्याची वाट

मालकाला गाडी परत देताना दोन मिनिटे काढून त्याला हाताने दार उघडण्याची वाट दाखवावी. ही वाट गाडीगणिक वेगळी असते.

मॉडेल वायच्या पुढच्या दारांत काचेच्या बटणांच्या पुढे एक छोटा खटका असतो. तो वर ओढला की वीज नसतानाही दार उघडते. मागच्या दारांची तार दाराच्या खिशाच्या तळाशी असते : आधी मॅट काढायची, मग झाकण, मग तार पुढे ओढायची. जुन्या मॉडेल एसमध्ये मागच्या दारांची तार मागच्या सीटखाली, गालिच्याच्या कडेखाली असते. धुराने भरलेल्या गाडीत घाबरलेला माणूस किंवा सात वर्षांचे मूल हे सर्व करू शकेल काय? प्रश्न इथेच आहे. म्हणून निवांत वेळी घरातल्या सर्वांनी एकदा हात लावून हे शिकून ठेवले पाहिजे. काचा फोडण्याची छोटी हातोडी चालकाच्या हाताशी असणेही शहाणपणाचे.

चीनमध्ये ही बाब फार महागात पडली. २९ मार्च २०२५ रोजी आन्हुई प्रांतात शाओमी कंपनीच्या एसयू ७ गाडीला अपघात होऊन आग लागली आणि तीन विद्यार्थिनी मरण पावल्या. १३ ऑक्टोबर २०२५ रोजी चेंगडू शहरात त्याच जातीच्या जळत्या गाडीचे दार उघडण्यासाठी रस्त्यावरच्या लोकांनी धडपड केली, पण दार उघडले नाही. या घटनांनंतर लपणाऱ्या हँडलांविषयी तेथे मोठी चर्चा झाली आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये चीन सरकारने नियम जाहीर केला. १ जानेवारी २०२७ पासून नव्या गाड्यांच्या प्रत्येक प्रवासी दाराला, बाहेरून आणि आतून, वीज नसताना यंत्राने उघडणारी सोय असलीच पाहिजे. आधीच मंजुरी मिळालेल्या मॉडेलांना बदलासाठी जादा मुदत आहे. जगात सर्वाधिक विजेच्या गाड्या चीनमध्ये बनतात, त्यामुळे तेथील नियमाचा परिणाम आपल्याकडे येणाऱ्या गाड्यांवरही होईल.

आपल्या कारागिरांसाठी

आता धंद्याचे गणित पाहू. मॉडेल एसचे हँडल बिघडले की कंपनी पूर्ण संच बदलत असे आणि वॉरंटीबाहेरच्या मालकाला शेकडो डॉलर मोजावे लागत. प्रत्यक्षात तुटलेला असायचा एक दातेरी तुकडा किंवा वीतभर वायर. या दोन रकमांमधल्या अंतरात अमेरिकेत छोट्या कारागिरांचा एक धंदा उभा राहिला. कुणी पोलादी तुकडे बनवू लागले, कुणी तयार वायरींचे संच विकू लागले, कुणी जुने हँडल घेऊन दुरुस्त केलेले देऊ लागले. यासाठी मोठा कारखाना लागला नाही. एक टेबल, एक मल्टीमीटर, स्वच्छ हात आणि सबूर एवढ्यावर काम भागले.

आपल्याकडे हे हुनर आहेच. चावी-कुलूपवाले, पॉवर विंडोचे मिस्त्री, वायरमन, लेथवर काम करणारे, मोबाइलचे बारीक सोल्डरिंग करणारे तरुण ही सगळी माणसे एकाच मोहल्ल्यात सापडतात. मोबाइलवाल्याची बारीक नजर आणि गॅरेजवाल्याचा दारांचा अनुभव एकत्र आला तर लपणारे हँडल अवघड नाही. उणीव आहे ती माहितीची आणि सुट्या भागांची. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी एक पोर्टल सुरू केले, त्यात मोटारींचाही समावेश आहे. कंपन्यांनी पुस्तिका आणि सुटे भाग बाहेरच्या कारागिरांना खुले करावेत ही मागणी आपल्या गॅरेज संघटनांनी एकत्र येऊन लावून धरली पाहिजे. एकेकट्या मिस्त्रीचे कुणी ऐकत नाही.

सोबत एक जबाबदारीही येते. जुन्या गाडीत हँडल सैल राहिले तर गिऱ्हाईक फार तर कुरकुरे. इथे अर्धवट दुरुस्ती केलेले दार नको त्या वेळी अडू शकते. आपण काय बदलले, काय बदलले नाही आणि कशाची खात्री देता येत नाही हे बिलावर स्पष्ट लिहून द्यावे. मालातला ऐब लपवून विकलेले कापड पहिल्या धुण्यात बोलते. दाराचा ऐब अपघाताच्या क्षणी बोलतो, आणि तेव्हा बदलून द्यायला वेळ नसतो.

ज्यांच्याकडे अशी गाडी आहे त्यांनी आजच घरी जाऊन हाताने उघडण्याचा खटका शोधावा. ज्यांचे गॅरेज आहे त्यांनी भंगारातून का होईना, एक असे हँडल मिळवून टेबलावर खोलून पाहावे. वॉरंटी संपलेल्या गाड्या दारात येऊ लागतील तेव्हा काम शिकलेला हात रिकामा राहणार नाही.